सरलाकाकूंचं डबिंग

ट्रॉयच्या लायब्ररीत चित्रपटांचा विभाग सांभाळणाऱ्या सरलाकाकूंनी एका दुपारी एका परक्या जोडप्याला भाऊ-बहीण करून टाकलं, आणि ती चूक त्यांना पुढे दहा महिने पुरली.

मिशिगनमधल्या या गावात त्या १९७४ साली आल्या. विनयकाका गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनियर. इथे आलेल्या बहुतेकांसारखी त्यांची पहिली वीस वर्षं घर, बर्फ आणि मुलगी यांत गेली. मग काकूंनी लायब्ररीत अर्धवेळ नोकरी धरली. परत आलेल्या कॅसेट आणि डीव्हीडी उघडून बघायच्या, डाग असले तर मऊ फडक्यानं पुसायचे, चुकीच्या डबीत गेलेली डीव्हीडी तिच्या तिच्या डबीत घालायची. हे काम त्या अंबाड्यात पेन्सिल खोचून करायच्या. पेन्सिलीची गरज क्वचितच पडे, पण ती नसली तर त्यांना आपण घरीच आहोत असं वाटे.

त्यांची मुलगी प्रीता लांब पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला नोकरी करत होती, त्यामुळे तिची खोली रिकामी होती. २००६ साली मी शिकायला आले तेव्हा त्या खोलीत राहत होते. म्हणून यातलं थोडं मी पाहिलेलं आहे. बाकीचं काकूंनी सांगितलं.

घरात विनयकाकांच्या आई होत्या, अहिल्याबाई. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायचो. वय ब्याऐंशी. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता, त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे. कडेचं मात्र दिसे. दाराशी कोण उभं आहे ते कळायचं, ताटात काय वाढलंय ते कळायचं नाही. कान मात्र शाबूत होते, आणि ते साधे कान नव्हते. आजी नागपूरच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. परगावचा फोन ऑपरेटरनं जोडून द्यायचा, त्या काळातली गोष्ट. लाइन जोडायची, दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की मधून बाजूला व्हायचं, आणि तीन मिनिटं भरली की पुन्हा आत येऊन म्हणायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड करू?" ही कामाची गोष्ट त्या अशा सांगायच्या की जणू कालच ड्यूटी संपली आहे.

आता या घरातली अडचण. प्रीता बेलव्ह्यूला डॅनियल नावाच्या मुलाबरोबर चार वर्षं राहत होती. तो शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. लग्न केलेलं नव्हतं, करायची घाईही नव्हती. ही गोष्ट काका-काकूंना माहीत होती आणि त्यांनी ती पचवलीही होती. फक्त आजींना सांगितली नव्हती. आजींसाठी डॅनियल म्हणजे प्रीताच्या अपार्टमेंटमधला "रूममेट, दुसऱ्या खोलीतला." फोनवर मागून त्याचा आवाज आला की काकू म्हणायच्या, "टीव्ही चालू आहे तिचा."

दोन वर्षं प्रीता घरी आली नव्हती. नवीन वर्षाच्या फोनवर तिनं नोव्हेंबरातल्या सुट्टीबद्दल स्पष्ट सांगितलं. "मॉम, धिस थँक्सगिव्हिंग मी डॅनला घेऊन येणार. आजीला तोपर्यंत सांग. ही इज नॉट कमिंग ॲज माय रूममेट. नाहीतर मीपण येत नाही. आय मीन इट."

"बघते," काकू म्हणाल्या.

"बघू नको. सांग."

विनयकाकांचं मत वेगळं होतं. "आई ब्याऐंशीची आहे यार. कशाला तिला डिस्टर्ब करायचं?" ते म्हणायचे आणि पेपर उघडायचे. म्हणजे सांगायचं काम काकूंचं, आणि न सांगितल्याचं खापरही त्यांच्यावरच.

त्याच जानेवारीत लायब्ररीला एक खोकं भेट आलं. गावातल्या एका स्पॅनिशच्या शिक्षिका निवृत्त होऊन दुसरीकडे राहायला गेल्या, त्यांनी आपला संग्रह देऊन टाकला होता. चाळीसएक स्पॅनिश चित्रपट, आणि प्रत्येक डबीवर निळ्या शाईत फक्त दशक लिहिलेलं: चाळीस, पन्नास, साठ. कपाटात लावण्याआधी प्रत्येक डीव्हीडी चालते का ते बघायला हवं होतं. काकू आठवड्याला एक घरी आणू लागल्या. एक वाजता त्यांचं काम संपे. तीन वाजता आजींचा चहा. चहाबरोबर चित्रपट.

पहिली डबी त्यांनी रंग बघून उचलली. लाल भिंती, पिवळा फोन, हिरव्या झग्यातली बाई. ऐंशीच्या दशकातला माद्रिदचा सिनेमा. खालच्या इंग्रजी अक्षरांकडे बघत काकू आजींना मराठीत सांगू लागल्या. ही बाई औषधांच्या दुकानात काम करते. हा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघं एकाच घरात राहतात.

"कोण लागतात एकमेकांचे?" आजींनी विचारलं.

पडद्यावर लिफ्टवाला मिनिटभर तेच सांगत होता आणि खाली त्याची अक्षरं येत होती. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता ती दोघं सहा वर्षं एकत्र राहत होती. काकूंच्या डोळ्यांपुढे ती अक्षरं होती आणि मागे प्रीताचा आवाज होता.

"भाऊ-बहीण," काकू म्हणाल्या.

अर्धा तास बरा गेला. मग लिफ्टवाला कामावरून आला, बाईनं दार उघडलं, आणि पुढचं मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. आजी बशीतला चहा हातात तसाच धरून ऐकत राहिल्या.

"सरला."

"हो आई."

"भाऊ-बहीण ना गं हे?"

"हो."

"फार जीव आहे बाप्पा एकमेकांवर," आजी म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

काकूंनी रिमोट शोधण्याच्या निमित्तानं उशा उलट्यापालट्या केल्या. पण आजींचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. "आत्ता ती मेज म्हणाली. मेजावर काहीतरी ठेव म्हणाली. आणि मघाशी बटाटा म्हणाली. ही आपल्याकडची माणसं आहेत का?"

काकूंनी थांबवून मागे नेलं. खरंच. मेसा. पताता. त्या दुपारी दोघी सिनेमाची गोष्ट सोडून शब्द वेचत बसल्या. मालक पैसे द्यायला नाही म्हणाला तेव्हा पगार ऐकू आला. दाराचं काहीतरी बिघडलं तेव्हा बिसाग्रा ऐकू आलं आणि आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बिजागरी! बिजागरी म्हणाला तो!" संध्याकाळी काकूंनी मला विचारलं, मी पुस्तकात बघून सांगितलं. हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी शेजारीण. चित्रफितीतली फीतसुद्धा त्यांच्याकडूनच आलेली. आजींनी हे ऐकून मान हलवली. "म्हणजे माणसं लांबची नाहीत. मग नीट बघू. मधूनच काय लावतेस? सुरुवातीपासून लाव."

अशी ती दुपारची शाळा सुरू झाली. डबीवरच्या दशकांच्या क्रमानं. काकूंनी लायब्ररीतून स्पॅनिश सिनेमाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तकही आणलं. आधी दहा मिनिटं पुस्तक, मग सिनेमा. तीसच्या दशकात बोलपट आला, माद्रिद-बार्सिलोनाला स्टुडिओ उभे राहिले, आणि तेवढ्यात यादवी युद्ध पेटलं. तीन वर्षांनी सेनापती फ्रँको जिंकला आणि देशाचा हुकूमशहा झाला. सिनेमा करणारी कितीतरी माणसं देश सोडून मेक्सिकोकडे गेली. जी राहिली त्यांना आधी कथा सेन्सॉरकडे पाठवावी लागे, मग चित्रपट. सेन्सॉरच्या मंडळावर पाद्रीही असत.

चाळीसच्या दशकाच्या डबीत राण्या होत्या, मुकुट होते, प्लास्टरचे किल्ले होते. काकूंनी सांगितलं, "आई, देशात तेव्हा पाव मिळायला रांगा होत्या."

"मग किल्ले कशाला?"

"दाखवायला."

"आणि लोक बघायचे?"

"थिएटर भरलेलं असायचं म्हणे."

आजींना सगळ्यात जास्त मजा आली ती न्यूजरीलची. १९४३ पासून पुढे तीसेक वर्षं स्पेनमध्ये कुठल्याही सिनेमाआधी सरकारी बातमीपट लावणं सक्तीचं होतं. खोक्यातल्या एका डीव्हीडीवर त्याचे तुकडे होते, आणि त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत फ्रँको धरणाचं उद्घाटन करत होता.

"आपल्याकडेही हेच!" आजी म्हणाल्या. "सिनेमाच्या आधी धरण. मी आणि तुझे सासरे मुद्दाम दहा मिनिटं उशिरा जायचो. दारातल्या गेटकीपरला विचारायचो, काय हो, झालं का पाणी सोडून?"

त्यांचे प्रश्न संपत नसत. सेन्सॉरचे लोक घरी जाऊन बायकोला कापलेला भाग सांगत असतील का? ज्या नटीचा प्रसंग कापला ती थिएटरात बसून काय करत असेल? आणि एक प्रश्न त्यांनी तीन-चारदा विचारला. "कापलेल्या फितीचं काय करत असतील गं? फेकत असतील, की ठेवत असतील कुठेतरी?" काकूंनी त्या जाड पुस्तकाची सूची धुंडाळली. उत्तर मिळालं नाही. लायब्ररीतल्या माणसाला एखाद्या प्रश्नाचं उत्तर न मिळणं हा आपला कमीपणा वाटतो. काकूंना तो पुष्कळ दिवस वाटत राहिला.

मार्चमध्ये त्या पुस्तकाच्या एका पानावर काकू अडखळल्या. दुपारी वाचायचा भाग त्या सकाळी लायब्ररीत चाळून ठेवायच्या. त्यात लिहिलं होतं की १९४१ साली स्पेनमध्ये हुकूम निघाला, परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब केल्याशिवाय दाखवायचे नाहीत. त्यामुळे सेन्सॉरचं काम सोपं झालं. कापायची गरजच नाही, बोलणं बदललं की झालं. पुढे एका अमेरिकन चित्रपटात एक नवरा-बायको होते आणि बायकोचं मन दुसऱ्यावर जडतं. हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून डबिंगमध्ये नवऱ्याला तिचा भाऊ करून टाकलं. आता ती दुसऱ्यावर प्रेम करायला मोकळी झाली. पण एकाच खोलीत राहणारे, एकमेकांना जवळ घेणारे हे भाऊ-बहीण बघून प्रेक्षक चक्रावले. एक पाप लपवायला गेले आणि त्याहून मोठं करून ठेवलं.

काकू मला म्हणाल्या, "मी खुर्चीत बसून ते वाचलं आणि माझे कान गरम झाले. मला वाटलं, आत्ता कुणीतरी मागून येऊन विचारणार, मॅडम, तुम्ही कधीपासून आहात या मंडळावर?"

दुपारी त्यांनी तो परिच्छेद गाळला. डबिंगचा हुकूम सांगितला आणि थेट पुढच्या पानावर गेल्या.

"हं," आजी म्हणाल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तुझा आवाज पायरी चुकला. वाच पुढे."

पन्नासच्या दशकात कॅमेरा किल्ल्यातून रस्त्यावर आला. एका चित्रपटात ट्रामचा कंडक्टर आणि धोबीण यांना घटकाभर बोलायला जागाच मिळत नाही. बाकावर पोलीस, चर्चमध्ये आत्या, घरी नऊ माणसं. सगळं हसत हसत दाखवलेलं, आणि शेवटी हसू आलं नाही. १९५५ साली सालामांका गावात सिनेमावाले जमले आणि आपला सिनेमा खोटा आहे असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. आजींना ते फार आवडलं. "स्वतःच म्हणाले? कुणी विचारलं नसताना?"

साठच्या दशकात विनयकाकाही एका शनिवारी येऊन बसले. किनाऱ्यावर गोऱ्या पर्यटक बायका आणि त्यांच्यामागे घामाघूम झालेले स्थानिक पुरुष, अशा विनोदी सिनेमांचा तो काळ. पण काका हबकले ते पुस्तकातल्या एका फोटोनं. कोरडे डोंगर, लाकडी गाव, घोडे.

"हे तर टेक्सास आहे."

"अल्मेरिया आहे," काकू म्हणाल्या. "दक्षिण स्पेन. इटलीवाले, अमेरिकावाले सगळे इथे येऊन काउबॉयचे सिनेमे काढायचे. स्वस्त पडायचं."

काका काही वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. "सरला, नागपूरच्या टॉकीजमध्ये हे डोंगर बघून मी ठरवलं होतं अमेरिकेला जायचं."

"मग?"

"मग काय! मी चुकीच्या देशात आलो!"

आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी देताना काकूंना वाटलं, हीच वेळ आहे, आत्ता सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "हळू प्या."

त्याच दशकात आणखी एक गोष्ट निघाली. काही चित्रपटांच्या दोन आवृत्त्या काढल्या जात. देशातल्या प्रेक्षकांसाठी अंगभर कपड्यांतली, आणि परदेशात विकायला वेगळी. एकच नटी, एकच खोली, एकच पलंग. एकदा शाल घेऊन, एकदा शालीशिवाय.

"घरासाठी एक, बाहेरसाठी एक," आजी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "दमत असेल गं ती पोरगी. सगळं दोनदा करायचं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या अशाच बसायच्या, ज्याला बघायचं त्याच्याकडे पाठमोऱ्या झाल्यासारख्या, म्हणजे तो माणूस कडेला येई आणि दिसे.

सत्तरच्या दशकाच्या डब्या उन्हाळाभर पुरल्या. त्या समजायला जड होत्या. एका चित्रपटात मोठं घर, जेवणाचं टेबल, टोकाला वडील, भिंतीवर घड्याळ. दोन तास घरातली माणसं एकमेकांना सूप वाढत राहतात. काही घडतच नाही. काकू खालची अक्षरं वाचत होत्या आणि अक्षरंही फारशी नव्हती.

"कंटाळा आला का आई? बंद करू?"

"नको. डाव्या कडेला ते दार आहे ना, ते मघापासून किती वेळा उघडलं?"

काकूंनी दार पाहिलंच नव्हतं. त्यांनी मागे जाऊन बघितलं. वडील बोलत असताना, अगदी कडेला, एक लहान मुलगी दार उघडून आतल्या खोलीत डोकावत होती. खोलीत भिंतीवर एका माणसाचा फोटो, त्यावर कापड. टेबलाशी कुणीही त्याचं नाव काढत नव्हतं. तो घरातलाच कुणीतरी होता, युद्धात दुसऱ्या बाजूनं लढलेला. आख्खा सिनेमा त्या दारात होता.

"मधे काही ठेवलं की सेन्सॉर कापणार," आजी म्हणाल्या. "म्हणून कडेला ठेवलं. माझ्यासारख्या बाईला बरोबर दिसलं."

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला. दोन वर्षांनी सिनेमाची सेन्सॉरशिप कायद्यानंच उठवली. काकूंनी हे वाचून दाखवलं तेव्हा आजींनी विचारलं, "मग लोकांना एकदम सगळं कळलं असेल, नाही? धक्का बसला असेल."

"नाही हो," काकू म्हणाल्या. त्यांनी एवढ्या महिन्यांत बरंच वाचलं होतं. "त्यांना सगळं माहीतच होतं. फक्त मोठ्यानं बोलता येत नव्हतं."

"हं," आजी म्हणाल्या.

त्या "हं"नंतर जी जागा होती तिथे काकूंनी बोलायला हवं होतं. आजी थांबल्याही होत्या. काकूंनी डीव्हीडी डबीत घातली, डबी पिशवीत घातली आणि कुकर लावायला गेल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी प्रीताचा फोन आला. तिकिटं काढायची होती. "डिड यू टेल हर?"

काकू फोन घेऊन गॅरेजमध्ये गेल्या होत्या. तिथे थंडी होती, आणि विनयकाकांच्या जुन्या ब्रेकचे नमुने मांडून ठेवलेले होते.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं."

"रिअली? आणि? काय म्हणाली?"

"काही नाही. हं म्हणाली."

प्रीता पलीकडे रडायला लागली. आनंदानं. मागून एका पुरुषाचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारणारा. काकूंनी फोन ठेवला आणि ब्रेकच्या त्या तबकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. आता मंडळाचं काम दोन्ही बाजूंनी सुरू झालं होतं.

त्यांनी ठरवलं, पोरं यायच्या आत सांगायचंच. चार आठवडे होते. मग तीन. मग प्रीताच्या खोलीतून मी माझी गादी तळघरात हलवली आणि काकूंनी तिथे दोन उशा ठेवल्या. मग एक उचलली. मग पुन्हा ठेवली. बुधवारी दुपारी त्यांनी आजींना सांगितलं, "उद्या प्रीता येतेय. बरोबर... डॅनियलपण येतोय."

"रूममेट."

"हो."

"बरं," आजी म्हणाल्या. "पाटवडीचा रस्सा कर. तिखट बेताचं घाल."

गुरुवारी दुपारी दोघं आली. डॅनियल उंच, किंचित वाकून चालणारा, हातात केशरी रंगाच्या शेवंतीची कुंडी. दारात त्यानं बूट काढले आणि ते ओळीत लावले. प्रीतानं आजींना मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. जेवणाच्या टेबलाशी डॅनियल आजींच्या बरोबर समोर बसला, कारण पाहुण्याला तशी खुर्ची दिली होती.

रस्सा वाढून झाला. विनयकाका म्हणाले, "तर मग, डॅनियल, फ्लाइट वगैरे?" डॅनियल म्हणाला, चांगली होती. काकूंना घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि त्यांना ते सूप वाढणारं घर आठवलं.

"सरला," आजी म्हणाल्या, "त्याला सांग, समोर नको बसू. खुर्ची इकडे कडेला घे. समोरचं मला दिसत नाही."

काकूंनी सांगितलं. डॅनियल ताट उचलून आजींच्या उजव्या हाताला येऊन बसला. आजींनी मान खिडकीकडे वळवली आणि निवांत त्याला बघून घेतलं.

"आता हेही सांग. म्हणावं, चार वर्षं तुझा आवाज ऐकते आहे. कप ठेवतोस, हळू हसतोस, गेल्या मार्चमध्ये तुला खोकला झाला होता, तो पंधरा दिवस टिकला. दर वेळी वाटायचं, आज हा फोन हातात घेईल आणि म्हणेल, आजी, मी डॅनियल. कधी घेतला नाहीस. का नाही घेतलास? आणि मला या घरात कुणी काहीही सांगितलेलं नाही, तेही सांग त्याला."

प्रीताचा घास हातातच राहिला. तिला मराठी सगळं समजत होतं. "मॉम," ती म्हणाली. "यू सेड यू टोल्ड हर."

डॅनियल काकूंकडे बघत होता. काकू हसल्या, तोंडातून आपोआप निघालं, "शी सेज, वेलकम. शी इज हॅपी यू केम."

"वेलकम मला कळतं सरला," आजी म्हणाल्या. "बत्तीस वर्षं इंग्रजीत हॅलो केलंय. मी एवढं बोलले आणि तुझं एवढंसंच? त्या लिफ्टवाल्याच्या वेळीही तो बापडा मिनिटभर बोलला होता, आणि तू म्हणालीस भाऊ-बहीण."

विनयकाकांनी विचारलं, "कोण लिफ्टवाला?"

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंनी आजींना विचारलं.

"तू टीव्ही म्हणायचीस. टीव्ही कधी समोरच्याचं बोलणं ऐकून घ्यायला थांबतो का गं?"

प्रीतानं डॅनियलकडे वळून बोलायला सुरुवात केली. काकूंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "थांब. मी सांगते. पूर्ण सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. कप, हसणं, मार्चमधला खोकला, पंधरा दिवस. काहीही न गाळता. "नोबडी इन धिस हाउस टोल्ड हर एनिथिंग," हेही. त्या वाक्यावर प्रीतानं नजर ताटात घातली, पण उठली नाही.

डॅनियल आजींकडे बघत हळूहळू बोलला. काकू एकेक वाक्य मराठीत आणत गेल्या. तो म्हणतो, मला फोन घ्यायचा होता. तो म्हणतो, तुमचा फोन आला की मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो. पण तिकडे सारखा पाऊस असतो, मग आत यावंच लागायचं, आणि तुम्हाला ऐकू जायचं. तो म्हणतो, मला सांगितलं होतं की तुम्हाला कळलं तर त्रास होईल.

"कुणी सांगितलं होतं?" आजींनी विचारलं.

काकूंनी ते इंग्रजीत विचारलं. डॅनियल अवघडला. मग खालच्या आवाजात त्यानं उत्तर दिलं.

"तो म्हणतो, प्रीताच्या आईला तसं वाटत होतं," काकू म्हणाल्या. आणि थांबल्या. दुसऱ्याचं वाक्य बोलताना माणूस त्याच्या मागे लपू शकतो, हे त्यांना दहा महिन्यांत चांगलं कळलं होतं. "मला. मला तसं वाटत होतं, आई. त्रास तुम्हाला होईल असं म्हणत होते, पण भीती मला होती. आणि प्रीतालाही मी खोटं सांगितलं, तुम्हाला सांगितलं म्हणून. नाहीतर ती आली नसती."

प्रीतानं डोळे पुसले आणि म्हणाली, "इट्स सो मेस्ड अप, मॉम." मग तिनं हात पुढे करून काकूंच्या ताटात पाटवडी वाढली, कारण काकूंनी स्वतःला काही वाढूनच घेतलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "झालं? जोडली लाइन? मग ऑपरेटरनं आता बाजूला व्हावं."

"पण आई, तुम्ही दोघं कसं काय..."

"माझं इंग्रजी मोडकं आहे. तो हळू बोलेल. आणि तिला येतं दोन्हीकडचं," आजींनी प्रीताच्या दिशेनं हात केला. "तू चहाचं बघ."

काकू उठल्या. विनयकाकाही त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आले, कपाटातून कप काढून देऊ लागले, आणि दोघंही मुद्दाम भांड्यांचा थोडा जास्तच आवाज करत राहिले. काकूंनी आधण ठेवलं. आलं किसलं. बाहेरून आजींचा आवाज येत होता, मग डॅनियलचा, मग प्रीताचं हसू, मग आजींनी विचारलेला एखादा शब्द आणि त्यावर पुन्हा हसू. काय बोलणं चाललं आहे ते कळत नव्हतं. काकूंनी पाणी उकळेपर्यंत अंबाड्यातली पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली.

चहा गाळत असताना आजींचा आवाज एकदम बदलून आला. सपाट, स्वच्छ, नागपूरच्या एक्सचेंजमधला.

"थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?"

डॅनियल म्हणाला, "येस, प्लीज."